जुनं बारा, नवं आठ

खोक्यावरचे आकडे वाचून ग्राफिक्स कार्ड निवडता आलं असतं तर हा वाद दहा मिनिटांत मिटला असता. एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060 फेब्रुवारी 2021मध्ये 329 डॉलरला बाजारात आलं आणि त्याच्या जागी आलेलं आरटीएक्स 4060 जून 2023मध्ये 299 डॉलरला. नवं कार्ड तीस डॉलरने स्वस्त, इथवर ठीक. पण जुन्यावर 12 जीबी मेमरी आहे आणि नव्यावर 8. जुन्यात 3584 कोअर, नव्यात 3072. जुन्याची मेमरी बस 192 बिटची, नव्याची 128 बिटची. कागद बघून कुणालाही वाटावं, कंपनी उलट्या पावलांनी चालली आहे. मे 2025मध्ये आलेल्या 5060वरही आठच जीबी आहेत, त्यामुळे हा वाद शिळा झाला असंही म्हणता येत नाही.

आमच्या घरात तो दोघांत रंगतो. माझी धाकटी बहीण मेधा आर्किटेक्ट लोकांना घरांची, हॉटेलांची थ्रीडी रेंडर करून देते. तिच्याकडे 3060 आहे. माझा मुलगा ओंकार इंजिनिअरिंगला आहे, गेम खेळतो, मित्रांचे पीसी असेंबल करून देतो आणि हौस म्हणून ब्लेंडरवर अॅनिमेशन करतो. त्याला जुन्या बाजारातून या दोन्हींपैकी एक घ्यायचं होतं. पैसे माझे होते, त्यामुळे ऐकणं भाग होतं.

मेधा : नवं कार्ड जुन्यापेक्षा नेमकं कशात पुढे आहे ते सांग. जाहिरातीतलं नको.

ओंकार : वेगात. सरळ हिशेब आहे, आत्या. प्रत्येक कोअर क्लॉकच्या एका ठोक्याला दोन आकडेमोडी करतो, एक गुणाकार आणि एक बेरीज. 3060चे 3584 कोअर गुणिले दोन गुणिले 1777 मेगाहर्ट्झ, झाले 12.7 टेराफ्लॉप. 4060चे 3072 गुणिले दोन गुणिले 2460, झाले 15.1. कोअर एक सप्तमांश कमी, तरी काम जवळजवळ एकोणीस टक्के जास्त.

मेधा : आणि हा क्लॉक एवढा वर गेला कसा?

ओंकार : कारखाना बदलला. 3060ची चिप सॅमसंगने 8 नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनवली, 276 चौरस मिलिमीटरची. 4060ची चिप टीएसएमसीच्या 4एनवर बनते आणि ती भरते 159 चौरस मिलिमीटर. म्हणून तर वीजही कमी लागते. जुनं 170 वॅटपर्यंत खातं, नवं 115.

(हे 8 आणि 4 म्हणजे चिपवरच्या कुठल्या रेषेची रुंदी असेल असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं आता काही राहिलेलं नाही, ती प्रक्रियांची नावं झाली आहेत. 4एन हा मुळात टीएसएमसीच्या 5 नॅनोमीटर कुटुंबातलाच, एनव्हिडियासाठी घडवलेला प्रकार.)

मेधा : ठीक. तुझा हिशेब बरोबर आहे. आता माझा ऐक. बस 192 बिटची, आठाने भागलं की 24 बाइट. प्रत्येक तारेवरून सेकंदाला 15 गिगाबिट. चोवीस पंधरे 360. म्हणजे 3060 सेकंदाला 360 जीबी माल मेमरीतून चिपकडे आणतं. तुझं 128 बिटचं, 16 बाइट, वेग 17 गिगाबिट. सोळा सतरे 272. चोवीस टक्के कमी. कोअर पळतायत एकोणीस टक्के जोरात आणि त्यांना खायला घालणारा हात चोवीस टक्के आखूड. हे कसलं पुढे जाणं?

ओंकार : तू कॅश सोडलीस.

मेधा : सोडली नाही, तुझ्या तोंडून ऐकायची होती.

ओंकार : 3060मध्ये चिपच्या पोटात एलटू कॅश आहे 3 एमबी. 4060मध्ये 24. आठ पट. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असला की मोहरी-हळदीसाठी दरवेळी कोठीच्या खोलीत जावं लागत नाही. मग कोठीचा दरवाजा थोडा अरुंद असला तरी बिघडत नाही. कंपनी तर म्हणते, 272 हा नुसता आकडा झाला, कॅश धरून ते 453च्या बरोबरीचं पडतं.

मेधा : चौघांच्या स्वयंपाकाला तुझा डबा पुरतो. पंगत उठवायची असेल तर मिसळणाच्या डब्याने काय होतं रे? पोती कोठीतूनच आणावी लागतात. आणि ते 453 कुठल्याच तारेतून वाहत नाही. काही ठरावीक कामांत मेमरीकडच्या खेपा किती वाचल्या ते मोजायचं आणि त्यावरून उलटा काढायचा, असा तो आकडा आहे. काम बदललं की बदलणार. 360चं तसं नाही, ते कुठल्याही कामात 360च.

ओंकार : पण गेममध्ये तो डबा पुरतो, हे तर मान्य कर. 1080पीवर सगळ्यांच्या चाचण्यांत 4060 पुढे आहे. कंपनीनेही फ्रेम जनरेशन न वापरता साधारण वीस टक्केच सांगितले होते, आणि बाहेरच्यांनाही जवळपास तेवढेच मिळाले.

मेधा : 1080पीवर. पडदा मोठा कर, मग बघ. रेझोल्यूशन वाढेल तसा फरक आटत जातो, कारण एका फ्रेमचा माल कॅशमध्ये मावेनासा होतो.

इथे मला विचारावंसं वाटलं की मुळात हे बारा आले कुठून. कारण 3060च्या वरच्या पायरीवरचं 3060टीआय आणि त्याच्याही वरचं 3070, दोन्ही आठ जीबीची. धाकट्याच्या ताटात जास्त वाढायचं हे कुठलं गणित? यावर मात्र दोघांचं एकमत निघालं.

मेधा : दादा, ते औदार्य नव्हतं. जीडीडीआर6ची प्रत्येक मेमरी चिप 32 बिट रुंदीची. 192 भागिले 32, म्हणजे सहा चिप बसणार. चिप मिळतात एक जीबीच्या नाहीतर दोन जीबीच्या. मग कार्ड एक तर सहा जीबीचं होणार नाहीतर बाराचं. 2021मध्ये सहा जीबीचं कार्ड 329 डॉलरला काढलं असतं तर लोकांनी तोंडावर फेकलं असतं. म्हणून बारा.

ओंकार : आणि 4060ची बस 128ची. चारच चिप. दोन-दोन जीबीच्या घेतल्या की आठ. आठावर ते थांबले ते भागाकारामुळे.

मेधा : भागाकारामुळे नव्हे, बस 128ची ठेवायचं ठरवल्यामुळे. आणि तीच ठेवायची होती तरी वाट होती. कार्डाच्या पाठीमागच्या बाजूलाही चिप लावता येतात. 4060टीआयला लावल्याच की. मे 2023मध्ये आठ जीबीचं 399 डॉलरला आलं आणि जुलैत तेच कार्ड सोळा जीबीचं 499ला. चिप तीच, कोअर तेवढेच, बस तीच 128ची. फक्त मेमरी दुप्पट.

ओंकार : तेच तर! त्या दोन कार्डांची तुलना बघ. बहुतेक गेममध्ये दोन्हींचा फ्रेम रेट सारखाच येतो. शंभर डॉलर जास्त देऊन मिळालं काय?

मेधा : बहुतेक गेममध्ये. आणि उरलेल्यांत? टेक्श्चर अल्ट्रावर टाकून आठ जीबी ओलांडले की आठवालं अडखळायला लागतं आणि सोळावालं चालत राहतं. मेमरी पुरते तोवर तिचा फरक शून्य दिसतो. पुरेनाशी झाली की एकदम दिसतो. कोअर पाच टक्के कमी असले तर काम पाच टक्के हळू होईल, कळणारही नाही. मेमरी पाच टक्के कमी पडली तर तसं हळूहळू काही होत नाही, सरळ आपटी.

(मेधाच्या बोलण्यातलं मला पटलेलं आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य हे. दोन कार्डांचे सरासरी फ्रेम रेट शेजारी मांडणारे तक्ते हा भेद गाळूनच टाकतात. सेकंदाला साठ फ्रेम अशी सरासरी आली तरी मध्येच एखादी फ्रेम पाव सेकंद लटकली, तर खेळणाऱ्याला ती लटकलेलीच लक्षात राहते. त्यामुळे तक्त्यात सरासरीशेजारी सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा नसेल तर तो तक्ता वाचण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.)

ओंकार : मान्य. मार्च 2023मध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग पीसीवर आला तेव्हा आठ जीबीच्या कार्डांचे हाल झाले होते. पण तो गेमच आधी कच्चा सोडला होता. नंतरच्या पॅचनी बराच सुधारला. खापर कार्डावर का फोडायचं?

मेधा : आणि 'हॉगवर्ट्स लेगसी'चं काय? तिथे तर अजून गंमत. जागा संपली की काही गेम अडखळत नाहीत, गुपचूप टेक्श्चरच हलकं करतात. फ्रेम रेट झकास, आणि समोरची भिंत चिखलासारखी. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

ओंकार : मग अल्ट्राऐवजी हायवर खेळायचं. चोवीस इंची पडद्यावर फरक शोधायला भिंग लागतं. आत्या, खरं सांगू? तुझं दुखणं गेमचं नाहीच. तू आठ जीबीकडे रेंडरच्या चष्म्यातून बघतेस.

मेधा : बघतेच. कारण पोट त्याच्यावर आहे. लॅपटॉप आण इकडे.

तिने एका बंगल्याच्या दिवाणखान्याची फाइल उघडली. कोटा फरशी, सागवानी झोपाळा, मागे विटांची भिंत. एकेका वस्तूवर बोट ठेवत तिने जो हिशेब मांडला तो मला त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा भाग वाटला.

मेधा : ही फरशी. तिचं रंगाचं टेक्श्चर 4केचं आहे, 4096 बाय 4096. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. गुणाकार कर.

ओंकार : 64 एमबी.

मेधा : हे फक्त रंगाचं. फरशी कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत, त्याचं वेगळं. उंचसखलपणाचं वेगळं. एका फरशीला तीन-चार अशी चित्रं. झोपाळ्याला तेवढीच, भिंतीला तेवढीच, गालिचा, पडदे, उशा, बाहेरची बाग. जवळून दाखवायच्या एखाद्या वस्तूला 8केचं टेक्श्चर लावलं की एकटं 256 एमबी. यात अजून भूमितीचा एक त्रिकोणही मोजलेला नाही. बागेतल्या झाडांची पानं मोजलीस तर घाबरशील.

ओंकार : पण गेममध्येही 4केची टेक्श्चर असतात. ती कशी मावतात मग?

मेधा : तुलाच माहीत असायला हवं.

ओंकार : हां… गेमची टेक्श्चर कार्डाच्या मेमरीतही दाबलेलीच राहतात. बीसी7 पद्धतीत एका ठिपक्याला एक बाइट. तेच चित्र 64ऐवजी 16 एमबीत.

मेधा : बरोबर. आणि ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन ती अशी दाबून ठेवत नाही. म्हणजे जे चित्र तुझ्या गेमला सोळात पडतं तेच मला चौसष्टात. आता कळलं ना, आपण दोघं एकाच कार्डाबद्दल बोलतोय आणि दोघंही खरं बोलतोय ते?

ओंकार : तरी एक उरतंच. सीन आठ जीबीत बसला, तर रेंडर कोणाचं लवकर होणार?

मेधा : तुझ्या कार्डाचं. ब्लेंडरच्या बेंचमार्कमध्ये 4060 स्पष्ट पुढे आहे, मी कशाला नाही म्हणू? रे ट्रेसिंगचे कोअर नव्या पिढीचे आहेत. बसला तर तू जिंकलास. पण माझी फाइल मी ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. शेवटच्या रात्री फोन येतो, बाल्कनीत कुंड्या टाका आणि खाली दोन गाड्या उभ्या करा. गाडीचं मॉडेल केवढं असतं माहितीये ना? मग 'आउट ऑफ जीपीयू मेमरी' अशी लाल ओळ बघत बसायला मला परवडत नाही.

ओंकार : हल्ली तसं लगेच थांबत नाही. कार्ड भरलं तर उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवता येतो.

मेधा : ठेवता येतो. आणि तो आणायचा कुठून? मदरबोर्डच्या स्लॉटमधून. आता सांग, तुझा बोर्ड कुठला?

ओंकार : बी450.

मेधा : म्हणजे पीसीआयई 3.0. आणि 4060ला लेन किती?

इथे ओंकार जरा गप्प झाला. हा मुद्दा त्याने मित्रांना अनेकदा समजावला असणार, पण स्वतःच्या कार्डाला लावून पाहिलेला नव्हता.

ओंकार : आठ.

मेधा : 3060ला सोळा. नव्या बोर्डावर, म्हणजे 4.0वर, आठ लेनही सेकंदाला सोळाएक जीबी नेतात. तुझ्या बोर्डावर तो वेग निम्मा होणार, सेकंदाला आठच्या आत. कार्डाची स्वतःची मेमरी 272ने देते आणि ओसंडलेला माल आठने येणार. मेमरी कमी म्हणून स्लॉटवर ताण जास्त, आणि त्याच कार्डाला लेनही कमी. जुन्या पीसीत नवं स्वस्त कार्ड टाकणाऱ्याचा बरोबर दोन्हीकडून कोंडमारा.

ओंकार : ओसंडलं तर. आठात राहिलं तर 3.0वर दोन-चार टक्क्यांच्या पलीकडे फारसं जात नाही. मी ओसंडू देणारच नाही.

मेधा : हे मात्र शहाणपणाचं बोललास.

मग बोलणं चॅटजीपीटीसारखी मॉडेल घरच्या पीसीवर चालवण्याकडे वळलं. ओंकारच्या वर्गात हल्ली ही साथ आहे. आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत दाबलं की साधारण पाच जीबीचं होतं, दोन्ही कार्डांवर मावतं. चौदा अब्जांचं नऊच्या आसपास जातं, ते फक्त बारावर. आणि गंमत म्हणजे मावणाऱ्या मॉडेललाही जुनंच कार्ड बरं पडतं. उत्तराचा प्रत्येक तुकडा काढायला मॉडेलचे सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचून काढावे लागतात. पाच जीबीचं मॉडेल, 360चा वेग, म्हणजे सेकंदाला फार तर बहात्तर तुकडे. 272ने चोपन्न. पाच जीबी वाचायचे तिथे 24 एमबीची कॅश काय करणार? ओंकारने स्वतःच हा भागाकार केला आणि स्वतःच नाक मुरडलं.

ओंकार : बरं, हा डाव तुझा. पण नव्याच्या दोन गोष्टी जुन्याकडे नाहीतच. एक, एव्ही1 एन्कोडर. 3060 एव्ही1चा व्हिडिओ दाखवू शकतं, बनवू शकत नाही. 4060 बनवतं. गेम रेकॉर्ड करून टाकायचा तर कमी बिटरेटमध्ये चांगलं चित्र मिळतं. आणि दोन, फ्रेम जनरेशन. डीएलएसएस 3चं फ्रेम जनरेशन फक्त 40 मालिकेपासून पुढे. कंपनीच्या जाहिरातीत ते धरूनच 3060च्या 1.7 पट वेग म्हटलं होतं.

मेधा : एव्ही1 दिला. फ्रेम जनरेशनचं जरा थांब. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक रचलेली फ्रेम घालायची. मधली रचायला पुढची खरी फ्रेम हातात हवी, म्हणजे ती अडवून ठेवायची. चित्र गुळगुळीत होतं, पण बटण दाबल्यावर गोळी सुटायला लागणारा वेळ कमी होत नाही, उलट कणभर वाढतो. तीसच्या साठ झाल्या तरी हाताला तीसच वाटणार.

ओंकार : साठच्या शंभर झाल्या तर मस्त वाटतं पण.

मेधा : वाटणारच. म्हणजे ज्याला गरज कमी त्यालाच जास्त उपयोग. आणि त्यालाही स्वतःची मेमरी लागते, आठातलीच. शिवाय एएमडीने सप्टेंबर 2023मध्ये एफएसआर 3 आणलं. जे गेम ते देतात त्यांत माझ्या 3060वरही फ्रेम रचून मिळतात.

(1.7 पट हा आकडा वेगाचा म्हणून छापणं मला पटत नाही. रचलेली फ्रेम ही सोय आहे, चांगली सोय आहे, पण तो चिपचा वेग नव्हे. ओंकारला हे पटत नाही. त्याच्या मते डोळ्यांना दिसतंय ते खरं. यावर आमचं अजून जमलेलं नाही.)

ओंकार : बरं, बाबा, तुमच्या कामाचं बोलू. विजेचं बिल. 55 वॅटचा फरक. रोज चार तास पूर्ण ताणाने चालवलं तर वर्षाला ऐंशी युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर आठशे रुपये.

मेधा : वर्षाला आठशे. त्यासाठी मी चार जीबी सोडू?

ओंकार : नुसतं बिल नाही. 55 वॅट म्हणजे खोलीत तेवढी उष्णता. मे महिन्यात माझ्या खोलीत बसून बघ. पंख्यांचा आवाज वेगळाच. आणि मला आहे तो एसएमपीएस पुरतो.

मेधा : तो तर दोन्हींना पुरतो. कंपनी दोन्हींना 550 वॅटचाच सांगते. पण तुझं एक खरं, तेवढं काम कमी विजेत करणं हीच 4060मधली खरी प्रगती आहे. कंपनीने तीच मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती.

वयाचा मुद्दा मी काढला. जुन्या बाजारातलं 3060 म्हणजे बऱ्याचदा खाणीतून आलेलं कार्ड. 2021मध्ये इथेरियमचं मायनिंग जोरात होतं. एनव्हिडियाने 3060ला मायनिंगचा वेग निम्मा करणारं कुलूप घालून बाजारात आणलं आणि पुढच्याच महिन्यात स्वतःच्याच एका बीटा ड्रायव्हरमधून ते चुकून उघडं ठेवलं. 15 सप्टेंबर 2022ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि रॅकवरची कार्डं जगभर विकायला निघाली. दिवसरात्र चाललेल्या कार्डाचे पंखे झिजलेले असतात, चिपवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. 4060 यानंतर जन्मलं, त्याच्यावर हे बालंट नाही.

मेधा : पंखे बदलता येतात, पेस्ट नवी लावता येते. ओंकार करतोच की मित्रांची. मेमरी मात्र घरी वाढवता येत नाही.

ओंकार : हे बघ, आत्या. एकाने 3060 फारच कमी किमतीत लावलंय. जवळजवळ नवं, बिलासकट. हे मिळालं तर मी तुझ्या बाजूला येतो.

मेधा : मेमरी किती लिहिलीय?

ओंकार : नुसतं 3060 लिहिलंय. 3060 म्हणजे बाराच ना?

मेधा : जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट माग त्याच्याकडे.

तासाभरात फोटो आला. मेमरी 8192 एमबी, बस 128 बिट. ऑक्टोबर 2022मध्ये एनव्हिडियाने याच नावाने आठ जीबीचं 3060 काढलं होतं. कोअर तेच 3584, पण सहाऐवजी चार मेमरी चिप आणि वेग 360वरून 240वर. विकणाऱ्याने लपवलं होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या खोक्यावरही 3060 हेच मोठ्या अक्षरांत असणार. दोन वेगळ्या ताकदीच्या कार्डांना एकच नाव देणाऱ्याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं, माझं ठरलेलं आहे.

ओंकार : म्हणजे याला जुना वेग आणि नव्याची मेमरी. कॅशही जुन्याच पिढीची.

मेधा : दोघांचंही वाईट तेवढं घेतलेलं. सोड. आता तू एक कर. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा, आणि तुझे नेहमीचे गेम आणि तुझी ब्लेंडरची फाइल चालवून बघ. डेडिकेटेड मेमरी किती भरते आणि शेअर्डचा आकडा हलतो का. शेअर्ड वर चढायला लागला की समज माल रॅममध्ये ओसंडतोय.

ओंकारच्या पीसीत सध्या मित्राचं मागून आणलेलं आठ जीबीचं एएमडीचं कार्ड आहे, त्यामुळे मोजणं सोपं गेलं. कॉलेजातली टोळी खेळते ते नेमबाजीचे गेम चारच्या आसपास राहिले. एक मोठा गेम हायवर साडेसहापर्यंत गेला, अल्ट्रावर आठाला भिडला आणि शेअर्डचा आकडा हलला. त्याची अॅनिमेशनची फाइल, एक रिक्षा आणि पावसात भिजलेला रस्ता, पाचातच बसली.

ओंकार : मी 4060 घेतो.

मेधा : घे. तुझ्या कामाला तेच बरोबर आहे. मी तुझ्या वयाची असते, तुझ्याएवढ्याच फाइली असत्या, तर मीही तेच घेतलं असतं. अल्ट्राच्या नादाला लागू नकोस म्हणजे झालं.

ओंकार : आणि कधी मोठा सीन केला तर रात्री तुझ्या पीसीवर लावीन.

मेधा : रात्री माझंच रेंडर लागलेलं असतं. रविवारी दुपारी ये. आणि मागच्या रांगेतल्या इमारतींना 4केची टेक्श्चर लावू नकोस, 2केची करून आण.